भाषण लोकांच्या लक्षात राहायला हवंय? कीर्तन ऐका
नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला, म्हणजे पहिल्या भागात, एकच अभंग घेतात, निरूपण करत फिरून फिरून त्याच ओळीवर येतात आणि मग उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान लावून तोच मुद्दा गोष्टीतून सांगतात, म्हणून घरी जाताना ती ओळ लोकांच्या तोंडात असते. प्रेझेंटेशनलाही हेच करा. आधी एक वाक्य पक्कं करा, त्याच्याशी न जुळणाऱ्या स्लाइड सरळ उडवा (जीव तुटतो, पण उडवाच). मग एक खरी गोष्ट सांगा, बारकाव्यांसकट, म्हणजे ‘ग्राहक नाराज होते’ नको, ‘काकू भिजलेली पावती घेऊन काउंटरवर उभ्या होत्या’ असं. लांबीचं टेन्शन नको, अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचं १८६३चं गेटिसबर्गचं भाषण दोन-तीन मिनिटांचंच होतं. आणि मुख्य वाक्य बोललात की थांबा, मनात तीन आकडे मोजा, मगच पुढे.