कॉलेजात दिव्यांग मुलांसाठी सोयी मागताय? या चुका टाळा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून दरवर्षी तेच ऐकू येतं. जुलैत ऍडमिशन होते, दिव्यांगतेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स फॉर्मला जोडली जाते आणि घरचे निर्धास्त होतात की आता कॉलेजला कळलंय, ते बघतील. पण ती झेरॉक्स ऍडमिशनच्या फाइलमध्येच राहते, परीक्षा विभागाला तिचा पत्ता नसतो, वर्गात शिकवणाऱ्या सरांना तर नसतोच. मग पेपर आठवड्यावर आला की रामबागेपासून सुदामानगरपर्यंत फोनाफोनी सुरू होते, "ताई, कुणी रायटर (मूल सांगेल तसा पेपर लिहून देणारा) मिळेल का हो?" शाळेत एक बाई सगळं सांभाळून घ्यायच्या, कॉलेजात तसं कुणी नसतं, इथे प्रत्येक गोष्ट मुलाला स्वतः आणि लेखी मागावी लागते. हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आता अर्जाचं. "माझा मुलगा दिव्यांग आहे, कृपया सहकार्य करावे" असा अर्ज दिला तर समोरचा माणूस चांगला असला तरी करणार काय? नेमकं लिहा. उदाहरणार्थ, उजव्या हाताने दहा मिनिटांच्या वर सलग लिहिता येत नाही, म्हणून तीन तासांच्या पेपरला एक तास जादा हवा, लेखक (रायटर) हवा, तळमजल्यावरची खोली हवी, आणि हे इंटरनल टेस्ट आणि प्रॅक्टिकललाही लागू व्हावं. खाली कायदा लिहा, दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६, कलम १७, त्यात जादा वेळ आणि लेखक दोन्हींचा उल्लेख आहे. अर्ज हिंदीत करा, दोन प्रती न्या, आवक शाखेत एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी "हो हो, हो जाएगा" याला पुढे काही किंमत राहत नाही, कारण तोपर्यंत ते बाबू बदलून गेलेले असतात.

जादा वेळ फक्त रायटर घेतला तरच मिळतो असं खूप जणांना वाटतं, अगदी कॉलेजवाल्यांनाही. तसं नाहीये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायची आहेत, आणि मूल स्वतःच्या हाताने लिहीत असलं तरी द्यायची आहेत. ज्यांचा हात चालतो पण हळू चालतो त्यांनी रायटर न घेता नुसता वेळ मागावा, ते कितीतरी सोपं जातं.

"आमच्या सर्टिफिकेटवर दिव्यांगता ४० टक्क्यांच्या खाली आहे, आम्हाला काय मिळणार" म्हणून गप्प बसणारेही खूप आहेत. आरक्षणाला ४० टक्के लागतात हे खरं, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट ४० टक्के किंवा जास्त असणाऱ्यांनाच आहे. पण रायटरची गोष्ट वेगळी. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की लिहिताना खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांची अट लावून लेखक नाकारता येणार नाही, आणि त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यासाठी सरकारी डॉक्टरांकडून ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, म्हणून नमुना आधी प्रिंट करून सोबत न्या.

डिस्लेक्सियावाल्या (वाचता-लिहिताना अडचण येणाऱ्या) मुलांच्या आईबाबांनी हे नीट वाचा. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत या सर्टिफिकेटची पुन्हा तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी सांगितली होती, १८ व्या वर्षी मिळालेलं मग कायमचं चालेल असं म्हटलं होतं. म्हणजे नेमकं बारावी संपून फर्स्ट इयर सुरू होताना जुना कागद संपतो, कुणाच्या लक्षात येत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर तो कागद परत येतो. अठरावा वाढदिवस झाला की पहिलं काम हे.

रायटर ठरला म्हणजे झालं असंही नाही. मूल घरी मराठी बोलतं, पेपर हिंदी किंवा इंग्लिशमध्ये, आणि रायटर आयत्या वेळी आलेला. कॉमर्सवाल्या मुलीला जर्नल एंट्री सांगायची असते, ती म्हणते "डेबिट लिही" आणि तो विचारतो कुठल्या कॉलममध्ये, त्या एका एंट्रीत पाच मिनिटं जातात. आधी तीन-चार जुने पेपर घड्याळ लावून दोघांनी सोडवा. आणि रायटरच्या शिक्षणाची अट परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, अंदाजाने कुणाला धरून आणू नका.

परीक्षेचं सेंटर बऱ्याचदा दुसऱ्याच कॉलेजात पडतं हे लोक विसरतात. आपल्या कॉलेजने तळमजला मान्य केला आणि सेंटरवर नंबर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सेंटर कळलं की त्याच दिवशी तिथे अर्जाची शिक्का असलेली झेरॉक्स द्या, रॅम्प आणि बाथरूम स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. खंडवा रोडच्या विद्यापीठाच्या तक्षशिला कॅम्पसमध्ये ऍडमिशन घेणार असाल तर एक विभाग ते दुसरा विभाग किती चालावं लागतं तेही आधी बघा.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांची अडचण मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती सोडवायला पैसेच लागत नाहीत. सर नोट्स पाठवतात, त्या फोटो काढून केलेली पीडीएफ असते, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात अक्षर सापडत नाही. किंवा वर्ड फाइल असते पण कृतिदेव फॉन्टमध्ये, आणि ते तर स्क्रीन रीडरला नुसती एबीसीडीची खिचडी दिसते, तो तसंच वाचत सुटतो, मुलगा ऐकून वैतागतो. सरांना सांगताना "नोट्स ऍक्सेसिबल द्या" असं म्हणू नका, "युनिकोडमध्ये टाईप केलेली वर्ड फाइल द्या" असं सांगा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी-हिंदी वाचतो, पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन लायब्ररीत नाव नोंदवा.

अजून एक, बोलायला नेहमी बाबाच पुढे होतात. मुलाला बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. कुठे अडतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि पुढची तीन वर्षं त्यालाच त्या ऑफिसात जायचंय.

एवढं करूनही नाही म्हणाले तर भांडू नका, नकार लेखी मागा. कॉलेजात विद्यार्थ्यांच्या तक्रारी कुणाकडे द्यायच्या ते विचारा आणि तिथे लेखी द्या. तिथेही नाही झालं तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, सीएम हेल्पलाइन १८१ वर नोंदवता येते, आणि मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते. तिथे जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), शिक्का असलेला अर्ज, नकाराचं पत्र आणि परीक्षेचं टाइमटेबल एका फोल्डरमध्ये लावून न्या, हातात मात्र झेरॉक्सच द्या, ओरिजिनल कुणाकडे सोडून येऊ नका.