२० टक्के घरांचा हिशेब नाशिक महापालिकेला कसा विचारावा

दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात २० टक्के क्षेत्र अल्प व दुर्बल उत्पन्न गटांच्या छोट्या घरांसाठी राखण्याची तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत असून नाशिक त्यात मोडते. ती पाळली जाते का, हे पाहणे प्रथम महापालिकेचे काम आहे. नागरिकाने मात्र ते विचारत राहावे.

प्रथम महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे क्षेत्रफळ व मंजूर नकाशे पाहावेत. त्यानंतर शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनातील नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसावा, कारण राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे. ‘कारवाई का झाली नाही’ असा जाब विचारण्यापेक्षा (त्याला बहुधा गुळमुळीतच उत्तर येते) मंजूर अभिन्यासाची (लेआउटची) प्रत, राखीव सदनिकांची संख्या आणि त्यांची यादी म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) नाशिक मंडळाला कळवल्याच्या पत्राची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे.