केळीला थंडी बाधणार का, आदल्या संध्याकाळीच कसं ओळखायचं

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत नुसतं मोबाईलमधलं किमान तापमान बघून झोपू नये, कारण हवामान केंद्राचा आकडा जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या पेटीतला असतो, उघड्या रानात पहाटे जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी भरू शकतं. संध्याकाळी बघायचं काय, तर आभाळ निरभ्र आहे का, वारा पडलाय का, आणि ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो आकडा, किती (वेदर अ‍ॅपमध्ये दिसतो, पण बघतो कोण!). तो 5-6 असेल म्हणजे हवा कोरडी, पारा सरळ घसरत जातो, 14-15 असेल तर दव पडायला लागतं न् घसरण मंदावते. ढग असले की टेन्शन कमी.

नाल्याकाठचं खोलगट वावर आधी गारठतं, थंड हवा जड असते ना, म्हणून थर्मामीटर तिथंच टांगा, बांधावरच्या खोलीत नको. 10 च्या खाली जायची चिन्हं दिसली तर रात्री विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी सोडा, ते कोमट असतं, लाईट रात्रीची असली तर एवढ्यापुरती बरीच म्हणायची. पहिला नंबर निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात आलेल्या बागेचा, थंडीत घड पोंग्यातच (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) अडकून बसतो.