इंजिन घरघरतंय? इंजेक्टरवर खर्च करण्याआधी बेल्ट काढून ऐका

“साहेब, डिझेल गाडी आहे, आवाज करणारच.” असं म्हणणाऱ्या मेकॅनिककडे एसयूव्ही सोडू नका. बॉनेट न उघडताच “इंजेक्टर गेलेत” (म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग) असं जाहीर करणाऱ्याच्या हातात तर चावीच देऊ नका. डिझेलचा स्वतःचा आवाज असतो हे खरं, पण तो महिनोन्महिने तोच राहतो. बदलला म्हणजे काहीतरी झिजलंय किंवा सैल झालंय. माझा अनुभव असा की ते बऱ्याचदा इंजिनाच्या आत नसतं, बाहेर बेल्टवर फिरणाऱ्या एखाद्या पुलीत असतं.

इंजिन ऑइलची पातळी बघा, कमी असेल तर भरा. ऑइलचा लाल दिवा पेटत असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करून न्या. आवाज दाबायला घट्ट ऑइल किंवा बाटलीतलं औषध ओतू नका. दोष तिथेच राहतो, फक्त ऐकू येईनासा होतो.

सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आवाज शोधायचा नाही. खांब आणि भिंती आवाज परतवतात, उजवीकडचा डावीकडून ऐकू येतो. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत गाडी काढा. वरचं प्लॅस्टिक कव्हर उतरवा. खालचा फोम उंदरांनी कुरतडलेला असतो आणि कव्हरच थडथडत असतं, हे मुंबईत नेहमीचं. खड्ड्यांनी सैल झालेला खालचा पत्राही हाताने हलवून बघा.

मग झटपट चाळणी. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर भानगड क्लच-गिअरबॉक्सकडे. एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसर बघा. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून डी मध्ये थरथरते आणि न्यूट्रलला शांत होते, तर बहुधा फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर दबलंय.

आता ठेका ऐका. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचं काम दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे एका सिलिंडरची टकटक सेकंदाला सहा-सात वेळा पडते. बोटाने ताल धरता येतो. ताल सापडतच नाही, नुसती सलग घरघर आहे, तर पुलीच्या बेअरिंगवर संशय घ्या.

इथून पुढचा टप्पा मला सगळ्यात जड गेला, कारण धातूतून आवाज कुठून कुठे जातो याचा नेम नसतो. लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) ब्रॅकेटला लावलं की आल्टरनेटरच ओरडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात शेजारची आयडलर, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली बोंबलत असते. शिवाय फिरत्या बेल्टजवळ डोकं न्यायचं. मी तरी तसं करू देणार नाही. त्यापेक्षा बेल्ट काढा.

बाहेरचा, खाचांचा बेल्ट म्हणतोय मी. कव्हरच्या आतल्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही. काही गाड्यांत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरच नसतो, लवचिक बेल्ट ताणून बसवलेला असतो. तो काढला की पुन्हा तोच बसवत नाहीत, तेव्हा तिथे थांबा. इंजिन बंद, चावी गाडीपासून लांब, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, बाही दुमडलेली. वायर काढायला कंटाळू नका. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बेल्ट कुठून कसा फिरलाय याचा मोबाइलवर फोटो घ्या, पान्याने टेन्शनर मागे ओढा आणि बेल्ट पूर्ण बाहेर काढा. पुलीवर अर्धवट लोंबकळत ठेवून इंजिन सुरू केलं तर तो गुंडाळला जाईल.

वायर पुन्हा जोडा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप याच बेल्टवर असतो, त्यामुळे जास्त चालवलं तर ते तापेल. बॅटरीचा दिवा पेटेल, पेटू द्या. या अवस्थेत गाडी जागची हलवायची नाही. स्टेअरिंग जड होऊ शकतं, आणि जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्या मागेच असतो.

घरघर गेली? मग चोर बेल्टवाल्यांपैकीच आहे. वायर पुन्हा काढून एकेक पुली हाताने फिरवा. चांगली पुली गुळगुळीत आणि जरा दमाने फिरते. कोरडी सळसळत बराच वेळ फिरत राहिली तर ग्रीस संपलंय. खडखडली किंवा डुगडुगली तर बेअरिंग खल्लास. पावसाळ्यात मुंबईच्या मिलन सबवेच्या किंवा हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर टेन्शनर आणि आयडलर आधी तपासा.

बदलणं सोपं: पुली काढा, नवी बसवा, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग घ्यायला जाताना जुनी पुली सोबत घ्या आणि व्यास, जाडी, खाचा ताडून बघा. दुकानदार “नुसतं बेअरिंग टाका, स्वस्त पडेल” म्हणेल. घरी ठोकून बसवलेलं बेअरिंग वाकडं बसतं, म्हणून मी अख्खी पुलीच घेतो. वापरलेली नाही, नवी. बेल्टला भेगा असतील तर तोही बदला. फोटो बघून बेल्ट परत चढवा, तो प्रत्येक पुलीवर नीट बसला का, हे टॉर्च मारून बघा आणि मगच वायर जोडून स्टार्टर मारा.

बेल्ट काढूनही आवाज तसाच राहिला तर आता इंजेक्टरची चर्चा करायला हरकत नाही, पण गॅरेजमध्ये रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडतात. एकाच बाटलीत इतरांपेक्षा फार जास्त डिझेल जमलं तर तोच बदलायचा, चारही नाहीत. इंजेक्टरच्या बुडाशी काळा, डांबरासारखा थर आणि फुसफुस असेल तर तांब्याचा वॉशर गेलाय. आणि खालून, ऑइल चेंबरकडून, रेस दिल्यावर वाढणारी जड ठोक येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा.