कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवायचे? आधी सीट पक्की करा

या विषयावरचा बहुतेक सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो. ‘या महिन्यात अमक्या कंपनीकडे पॉइंट्स पाठवा, तीस टक्के जादा मिळतायत’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. जायचं कुठे, कधी, किती जणांनी आणि त्या तारखेला मैलांवर, म्हणजे विमान कंपनीकडच्या पॉइंट्सवर, सीट आहे का, हे कोणी विचारतच नाही. बँकेकडून विमान कंपनीकडे एकदा गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. घाईत गेले, चुकीच्या प्रोग्रॅममध्ये (विमान कंपनीच्या सभासद योजनेत) गेले, प्रवासच रद्द झाला, तरी उत्तर एकच: नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी सीट, मग हिशोब, मग ट्रान्सफर. बँकेच्या अ‍ॅपमधलं ते बटण दाबायचं काम जवळजवळ शेवटी येतं.

कार्ड आहे, पॉइंट्स साठलेत आणि बटण कुठे आहे ते ठाऊक आहे, एवढं धरून चालतो.

१. खाती आजच उघडा

तुमची बँक ज्या प्रोग्रॅमकडे पॉइंट्स पाठवते त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी खातं उघडून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. नाव कार्डावर आहे तसंच लिहा, कारण एकीकडे आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव असलं की ट्रान्सफर अडकू शकतं. काही ठिकाणी कोऱ्या खात्यातून पहिले काही दिवस तिकीट काढता येत नाही, त्यामुळे हे काम ऐनवेळी ठेवू नका.

२. मैल कोणाचे, विमान कोणाचं

ज्या कंपनीच्या विमानात बसायचं तिचेच मैल लागतात, हा समज आधी डोक्यातून काढा. एअर कॅनडाच्या एअरोप्लान पॉइंट्सवर लुफ्तान्साचं तिकीट निघतं, कारण दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. अलायन्सच्या बाहेरही सोयरिकी असतात. व्हर्जिन अटलांटिक २०२३ साली स्कायटीम या दुसऱ्या गटात गेली, तरी तिच्या पॉइंट्सवर स्टार अलायन्समधल्या एएनए या जपानी कंपनीची सीट घेता येते. तेव्हा बँकेच्या यादीत हवी ती विमान कंपनी दिसली नाही म्हणून हिरमुसू नका, तिचे भागीदार कोण ते बघा.

एकाच विमानातल्या एकाच सीटला वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळे मैल मागतात, आणि वर रोख किती घ्यायची याचंही प्रत्येकाचं आपलं धोरण असतं. एअरोप्लानने २०२० मध्ये विमान कंपन्यांचा अधिभार लावणं बंद केलं. उलट लांब पल्ल्याच्या बिझनेस तिकिटावर ब्रिटिश एअरवेज मैलांबरोबर रोखही सणसणीत वसूल करते. ‘फुकट तिकीट’ म्हणून गेलेला माणूस करांचा आकडा बघून गार होतो तो इथेच.

तिकीट कोणासाठी काढायचं आहे तेही याच टप्प्यावर तपासा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर प्रोग्रॅममध्ये स्वतःखेरीज इतरांसाठी तिकीट काढायचं तर त्यांची नावं आधी नॉमिनी म्हणून नोंदवावी लागतात, आणि अशी पाचच नावं बसतात. एएनए तर जवळच्या नातेवाइकांपलीकडे कोणाला तिकीट काढूच देत नाही. मित्रासाठी मैल पाठवून बसलात तर ते तसेच पडून राहतील.

३. सीट खरंच आहे का

सगळं अडतं ते इथे. सुरुवातीला मलाही याच पायरीने सर्वांत जास्त छळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विमानात विकायला असलेली प्रत्येक सीट मैलांवर मिळत नाही. मैलांच्या सीटा वेगळ्या बुकिंग क्लासमध्ये, म्हणजे एकेका अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या कप्प्यात, असतात. स्टार अलायन्समध्ये भागीदारांना मिळणारी इकॉनॉमीची सीट साधारणपणे ‘एक्स’ या अक्षराखाली, बिझनेसची ‘आय’खाली आणि फर्स्टची ‘ओ’खाली असते. विमान कंपनीने त्या अक्षराखाली सीटच सोडली नसेल, तर विमान अर्धं रिकामं असलं तरी तुम्हाला काही मिळत नाही. सीट मॅप उघडून ‘एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत की’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सीट मॅपचा आणि मैलांच्या सीटांचा काहीही संबंध नाही.

दुसरी अडचण अशी की स्वतःच्या सभासदाला दाखवलेली सीट कंपनी भागीदाराला दाखवेलच असं नाही. सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या बिझनेस आणि फर्स्टच्या सीटा बहुतांशी क्रिसफ्लायरच्या सभासदांसाठीच राखते. म्हणून ज्या प्रोग्रॅमचे मैल खर्च करणार, त्याच्याच साइटवर लॉगिन करून शोधा. बाकीच्या शोधसाइट अंदाज घ्यायला ठीक आहेत. त्यांच्या भरवशावर एक पॉइंटही हलवू नका.

शोधताना आधी एकाच प्रवाशासाठी शोधा, मग संख्या वाढवत न्या. चौघांसाठी शोधलं आणि सीटा दोनच असल्या, तर बहुतेक साइट ‘दोन आहेत’ असं सांगत नाहीत; सरळ ‘काही नाही’ म्हणतात. निम्मे लोक तिथेच हात टेकतात.

आता मुख्य त्रास. साइटवर सीट दिसते, मैलांचा आकडा दिसतो, कर दिसतो, आणि प्रत्यक्षात ती सीट नसते. याला फँटम सीट म्हणतात. भागीदार कंपनीची ताजी माहिती तुमच्या प्रोग्रॅमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलेली नसते, आणि तो जुनंच चित्र दाखवत बसतो. तुम्ही भोळेपणाने पॉइंट्स पाठवता, मग शेवटच्या पानावर लाल अक्षरांत ‘एरर’. दोनदा, तीनदा, ब्राउझर बदलून, पुन्हा तेच.

यावर माझ्या तीन चाचण्या आहेत, आणि तिन्ही ट्रान्सफरच्या आधी करायच्या.

खात्यात मैल नसले तरी बुकिंग जितकं पुढे नेता येईल तितकं न्या. प्रवाशाचं नाव, जन्मतारीख, सगळं भरा. बऱ्याच साइट भागीदाराकडे खरी विचारणा अगदी शेवटी करतात. तिथे ‘मैल अपुरे आहेत’ असा निरोप आला तर ते चांगलं लक्षण. ‘तांत्रिक अडचण आली, नंतर प्रयत्न करा’ असा आला तर त्या सीटवर विश्वास ठेवू नका. काही साइट मैल नसतील तर पहिल्याच पानावर अडवतात. तिथे ही चाचणी चालत नाही.

तेच विमान, तीच तारीख, तोच वर्ग त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर बघा. स्टार अलायन्ससाठी मी एअरोप्लान आणि युनायटेड या दोन्ही ठिकाणी पाहतो. दोघांना दिसली तर बहुधा खरी. एकालाच दिसली तर शंका घ्या.

तिसरी चाचणी फोनची, आणि माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या तिकिटासाठी हा फोन टाळू नका. ज्यांचे मैल वापरणार त्यांना फोन लावा, विमानाचा नंबर, तारीख आणि वर्ग सांगा, आणि ‘मैलांवर बुक करता येईल अशी सीट तुमच्या सिस्टिममध्ये दिसते का’ हेच शब्द वापरा. नुसतं ‘सीट आहे का’ विचारू नका. एका कंपनीच्या चॅटवर मला तीन ओळींत ‘हो, सीट आहेत’ असं उत्तर आलं होतं. पुढे खोदून विचारल्यावर कळलं की तो माणूस रोखीच्या सीटा बघत होता. फोनवर असतानाच सीट रोखून ठेवता येईल का तेही विचारा. सगळेच देत नाहीत, पण काही प्रोग्रॅम थोड्या काळासाठी होल्ड देतात, आणि तो मिळाला तर निम्मी धाकधूक संपते.

आणखी दोन सापळे. निकालात ‘बिझनेस’ लिहिलेलं असतं, पण बारकाईने पाहिलं तर दीड तासाचा पहिला टप्पा बिझनेसचा आणि अकरा तासांचा दुसरा टप्पा इकॉनॉमीचा असतो. मैल मात्र बिझनेसचे! प्रत्येक टप्प्यासमोरचा वर्ग उघडून वाचा. दुसरं म्हणजे, जोडविमानाच्या प्रवासात पूर्ण मार्गावर सीट नसते पण तुकड्यातुकड्यांनी असते, किंवा नेमकं याच्या उलट. दोन्ही प्रकारे शोधा. मात्र सुटे तुकडे वेगवेगळ्या तिकिटांवर घेतले आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही.

तारखेत लवचीकता असेल तर साधारण अकरा-बारा महिने आधी, म्हणजे वेळापत्रक खुलं होताच बघा. नाहीतर शेवटचे दोन आठवडे. न विकलेल्या सीटा तेव्हा अनेकदा मैलांकडे वळतात. मधल्या काळात रोज शोधत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

४. हिशोब

तिकिटाच्या रोख किमतीतून मैलांच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सने भागा. पॉइंट्स म्हणजे कार्डाचे पॉइंट्स. बँकेचं प्रमाण दोनास एक असेल तर ४०,००० मैलांसाठी तुमचे ८०,००० पॉइंट्स जातात. भागायचं ८०,००० ने. आलेला आकडा बँक त्याच पॉइंटची बिलात जी किंमत देते तिच्याशी ताडून पाहा. कमी आला तर मैलांच्या फंदात न पडता बिलात वजावट घ्या आणि तिकीट रोखीने काढा.

रोख किंमत म्हणून तीच रक्कम धरा जी तुम्ही खरोखर मोजली असती. आयुष्यात कधी बिझनेसचं तिकीट विकत घेणार नसाल, तर त्याच्या छापील भावाने भागून ‘पाचपट फायदा’ मिरवण्यात अर्थ नाही.

बोनसच्या जाहिराती

बँका आणि विमान कंपन्या अधूनमधून ट्रान्सफरवर वीस-तीस टक्के जादा मैल देतात. तुमची सीट आधीच सापडली असेल तर जरूर घ्या. सीट नसताना ‘पुढे कधीतरी वापरू’ म्हणून पाठवणं मला साफ नामंजूर आहे. बँकेत असताना तुमच्या पॉइंट्सना अनेक दारं उघडी असतात, ट्रान्सफरनंतर एकच. विमान कंपनी मैलांचे दर पूर्वसूचनेशिवाय वाढवू शकते, आणि मुदतीचं घड्याळही सुरू होतं. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी बाद होतात, तुम्ही खात्यात कितीही उलाढाल करा. एअरोप्लानमध्ये अठरा महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात.

कार्डच बंद करणार असाल आणि त्याबरोबर पॉइंट्स बुडणार असतील, तर हा नियम मोडायला माझी हरकत नाही. अशा वेळी मी एव्हिऑस नावाचे मैल निवडतो. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज, फिनएअर, एअर लिंगस यांच्या खात्यांत ते इकडून तिकडे हलवता येतात, त्यामुळे निदान एकाच कंपनीच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

५. ट्रान्सफर

सभासद क्रमांक दोनदा तपासा. लागतील तेवढेच पॉइंट्स पाठवा. बँक हजाराच्या पटीत घेत असेल तर वरच्या हजारापर्यंत. ट्रान्सफरचं शुल्क असेल तर ते बटण दाबायच्या आधीच्या पानावर दिसतं. पावतीचा स्क्रीनशॉट घ्या.

मैल पोहोचायला काही ठिकाणी मिनिट लागतं, काही ठिकाणी दिवस. तुमच्या बँकेच्या आणि त्या प्रोग्रॅमच्या जोडीला किती वेळ लागतो ते आधी काढून ठेवा. दिवस लागत असतील आणि होल्ड मिळाला नसेल, तर त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरी तारीख किंवा दुसरं विमानही हेरून ठेवा. पहिली सीट मधल्या वेळात गेली तरी मैल कामी येतील. दुसरा पर्यायच नसेल तर मी अशा प्रोग्रॅमकडे पाठवत नाही.

६. तिकीट

मैल जमा झाले की लगेच बुक करा. सहा अक्षरी बुकिंग नंबर आला म्हणजे तिकीट निघालं असं समजू नका. तेरा आकडी तिकीट नंबर शोधा. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात. एअरोप्लानच्या पॉइंट्सवर लुफ्तान्साचं तिकीट काढलं तर नंबर एअर कॅनडाच्या ०१४ ने सुरू होईल, लुफ्तान्साच्या २२० ने नव्हे. हे बरोबरच आहे, घाबरू नका. पण एक दिवस उलटूनही तेरा आकडे आले नाहीत, तर फोन करा. तिकीट न निघालेली बुकिंग आपोआप गळून पडते, आणि ते कळवायची तसदी कोणी घेईलच असं नाही.

विमान चालवणाऱ्या कंपनीच्या सिस्टिममध्ये याच बुकिंगचा बहुतेक वेळा वेगळा नंबर असतो. तो मागून घ्या, कारण खुर्ची आणि जेवण त्यांच्या साइटवर त्याच नंबराने निवडता येतं. बदल करायचा किंवा रद्द करायचं असेल तर मात्र ज्यांचे मैल वापरले त्यांच्याकडेच जावं लागतं. रद्द केल्यावर शुल्क कापून मैल त्यांच्याच खात्यात परत येतात, कार्डात नाही.