घरी बनवलेली जुनी बोट लिफ्ट तपासताय? या चुका टाळा

बोट लिफ्ट म्हणजे खांब आणि बीमच्या सांगाड्याला टांगलेल्या वायरींनी बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची सोय. ती कोणी बनवली, कधी बनवली, पाइप किती जाडीचा घेतला होता यातलं काहीच माहीत नसतं आणि तरी जो तो एकच सांगतो, अहो इतकी वर्षं उचलतेय, काही झालं का? सगळ्यात जास्त भीती मला या वाक्याची वाटते. लिफ्ट बनली तेव्हा वायर नवी होती, लोखंडाला गंज नव्हता आणि बऱ्याचदा बोटपण हलकी होती. आज बोट मोठी, इंजिन जड आणि लोखंड निम्मं खाल्लेलं, मग तेव्हाचा अनुभव आज कसा चालेल?

वजन धरताना तर हमखास चूक होते. कॅटलॉगमध्ये दिलेलं वजन बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं असतं. समजा तिथे 800 किलो लिहिलंय, त्यात इंजिनचे 170, पेट्रोल 100 लिटर म्हणजे साधारण 75 किलो, दोन बॅटऱ्या 50, नांगर, दोर, लाइफ जॅकेट वगैरे 55, झाले 1150. बोट ज्याच्यावर बसते तो पाळणा लिफ्टलाच उचलावा लागतो, तो 150 धरा, म्हणजे 1300. आता पाऊस पडला आणि पाणी निघायचं भोक कचऱ्याने तुंबलं, तर 4 मीटर बाय 1.5 मीटरच्या तळात नुसतं 5 सेंटिमीटर पाणी साचलं तरी 300 किलो होतात! म्हणजे 800 ची बोट म्हणता म्हणता 1600 किलो लटकतंय, आणि तेही रात्री, कोणी बघायला नसताना.

मग लोक काय करतात, 1600 भागिले चार वायरी, प्रत्येकीवर 400, झालं. पण इंजिन मागे, बऱ्याचदा टाकी आणि बॅटरीपण मागेच, त्यामुळे मागच्या दोन वायरींवर 65 टक्के वजन सहज जातं, म्हणजे एकेकीवर 520 किलो. चांगल्या नवीन 6 मिमी वायर रोपचा ब्रेकिंग लोड अडीच टनाच्या आसपास असतो, पण तो तुटायचा आकडा आहे, उचलायचा नाही, उचलताना त्याचा पाचवा भाग धरायचा म्हणजे 500. बघा, वायर नवी असती तरी हिशोब बसत नाही, आणि इथे तर जुनी वायर आहे!

वायर तपासताना नुसती लांबून बघू नका. जाड हातमोजा घालून सुती फडकं तिच्यावरून फिरवा, तुटलेली तार असेल तिथे फडकं अडकतं. वायर आतूनपण गंजते, वरून चकचकीत दिसली तरी वाकवल्यावर लाल भुकटी पडली की ती गेली. पुलीवर जिथे रोज वळते तो तुकडा आणि टोकाचे यू क्लॅम्प, म्हणजे वायरचं दुमडलेलं टोक आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, जास्त लक्ष देऊन बघा. क्लॅम्पची यू मोकळ्या टोकावर आणि जाड बैठक भार घेणाऱ्या वायरवर बसली पाहिजे, जुन्या लिफ्टवर हे उलटं लावलेलं असतं आणि मग यू नेमकी भाराच्याच वायरला चेपते. क्लॅम्प बरोबर लावले तरी तिथे ताकद थोडी कमीच होते हेपण लक्षात ठेवा.

पुलीकडे तर कोणी बघतच नाही. वायर पुलीवरून पूर्ण उलटी फिरली तर पुलीच्या पिनवर वायरच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, काटकोनात वळली तर साधारण 1.4 पट, आणि पिन म्हणून बऱ्याच ठिकाणी हाताला लागला तो बोल्ट घातलेला असतो. वायर जाड आणि पुली अगदी लहान असेल तर वायर आतून लवकर थकते.

लोखंडी खांब आणि पाइप पाण्याच्या पातळीच्या जरा वर, जिथे ओलं-कोरडं सतत होत असतं, तिथे सगळ्यात जास्त गंजतात. रंगावर जाऊ नका. हातोडीने ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर पाइप पातळ झालाय. वेल्डच्या कडेने केसासारखी बारीक रेघ दिसली तर रंग खरवडून बघा, ती तडा असू शकते. लाकडी खांब असेल तर पाण्यालगत दाभण टोचून बघा, आरामात आत गेलं तर आत सडलंय.

आडव्या बीमची गंमत अशी की लांबी दुप्पट केली की मधल्या भाराने तो आठ पट वाकतो, म्हणून मोठ्या बोटीसाठी नुसती लांबी वाढवून जोड मारलेली लिफ्ट दिसली की मला तरी विश्वास वाटत नाही. तिरके आधार नसतील तर लाटेने सगळा सांगाडा बाजूला झोपू शकतो, वजन सरळ खाली कितीही पेलू दे.

विंच, म्हणजे हँडल फिरवून वायर गुंडाळायचं यंत्र, कुठली आहे तेही बघा. ट्रेलरवर बोट ओढायची विंच उचलायला वापरतात, पण कितीतरी ट्रेलर विंचना आपोआप लागणारा ब्रेक नसतो, हँडल सुटलं की गरागरा फिरतं आणि हात मोडतो. शिवाय तिच्यावर लिहिलेला आकडा तिच्या रिळावर गुंडाळलेल्या वायरच्या पहिल्या थराचा असतो, थर चढले की ओढ कमी होते.

एवढं सगळं ठीक दिसलं तरच टेस्ट करा, आणि बोटीने नाही, पाण्याच्या ड्रमांनी. वरच्या उदाहरणात पाळणा सोडून 1450 किलो, त्याच्या सव्वापट म्हणजे साधारण 1800, म्हणजे 200 लिटरचे 9 ड्रम, मागच्या बाजूला जास्त आणि सगळे घट्ट बांधून. पाळणा पाण्याच्या जेमतेम वर उचला, खाली आणि आजूबाजूला कोणीही नको, 15 मिनिटं तसाच ठेवा. आधी बीमला दोरी ताणून वाक मोजून ठेवायचा, ड्रम काढल्यावर परत मोजायचा, बीम आधीच्या मापावर परत आला नाही किंवा एखादा खांब चिखलात खचला तर त्या लिफ्टवर बोट चढवू नका. खांब आणि बीमबद्दल शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तोपर्यंत बोट पाण्यात बांधून ठेवा नाहीतर ट्रेलरवर ठेवा.

टेस्ट पास झाली तरी ती आजच्या दिवसापुरती. वायर मोठ्या वादळानंतर परत बघा, आणि वर उचललेल्या बोटीखाली रंग काढायला, शेवाळ घासायला कधीही जाऊ नका, अगदी दोनच मिनिटांचं काम असलं तरी.