क्रीमऐवजी चक्का

क्रीमी पास्ता हलका हवा असेल तर पुण्यात डेअरीत श्रीखंडासाठी मिळणारा बिनसाखरेचा, गाईच्या दुधाचा चक्का आणा. फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं, यात बरंच कमी. चक्का ताजाच घ्या, आंबट झालेला सगळी चव बिघडवतो.

दोघांना १५० ग्रॅम पास्ता, चार मोठे चमचे चक्का. पास्ता गाळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा; त्यातल्या स्टार्चमुळे सॉस दाट होतो. हे पाणी कोमट झालं की त्यात चक्का घोटा. चमचाभर तेलात लसूण, मटार, मशरूम परतून पास्ता घाला. गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि मगच चक्का मिसळा. उकळत्या कढईत तो फाटतो. वरून ताजी मिरपूड, भरपूर!